पहिली चार मिनिटं

नर्सिंगला मुलगी घातली की घरच्यांना काळजी असते रक्ताची आणि इंजेक्शनची. त्या दोन्हींची सवय आठवड्या-दोन आठवड्यांत होते. पहिल्या पोस्टिंगला मुलांना रडवतो तो वास. सर्जिकल वॉर्डात सकाळची ड्रेसिंगची ट्रॉली निघते, मागे फर्स्ट इयरचा घोळका उभा असतो आणि जुनी पट्टी सुटली की त्यातली एखादी हळूच दाराकडे सरकते. दुपारी ती माझ्याकडे येते. "मॅडम, मला हे जमणारच नाही का?"

जमतं. पण "सवय होईल" एवढं सांगून तिला परत पाठवणं मला पटत नाही. सवय होते म्हणजे नेमकं काय होतं, हे कळलं की ती निम्मी वाट चालून गेलेली असते.

नाकाच्या पोकळीत अगदी वर, दोन्ही बाजूंचा मिळून टपालाच्या तिकिटाएवढा एक पट्टा आहे. वास ओळखणाऱ्या पेशी तिथे असतात आणि त्यांच्यावर जवळजवळ चारशे प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर. हे ग्राहक घडवणारी जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ साली शोधली. २००४ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. डोळ्यांचे, कानांचे निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर थांबतात आणि मग पुढे जातात. वासाचा निरोप त्या ठाण्यावर न थांबता थेट आत शिरतो, भीती आणि आठवण जिथे राहतात त्या भागांच्या दाराशी. म्हणून "हा पू आहे" असं मनात येण्याआधी पोट ढवळतं. ज्या मुलीला ढवळतं ती लेचीपेची आहे असं अजिबात नाही. तिचं नाक नीट काम करतंय.

आता दुसरी गोष्ट. तोच वास येत राहिला तर त्या पेशी आणि मेंदू दोघंही त्याची दखल घेणं कमी करतात. मासळी बाजारात शिरताना जो वास येतो तो दोन वाटे घेईपर्यंत जाणवेनासा होतो, तसंच. हे मिनिटाभरात सुरू होतं आणि तीन-चार मिनिटांत चांगलाच फरक पडतो. पण बाहेर जाऊन ताजी हवा घेतलीत की नाक पुन्हा पहिल्यासारखं तल्लख होतं. जी मुलगी दर दोन मिनिटांनी व्हरांड्यात जाऊन श्वास घेऊन येते, ती बिचारी दर वेळी पहिल्या मिनिटापासून सुरुवात करते. तिला वाटतं आपण स्वतःला सांभाळतोय. प्रत्यक्षात एकाच ड्रेसिंगला ती तोच वास पाच वेळा नव्याने घेते.

म्हणून माझा पहिला नियम ट्रॉलीचा आहे. पेशंटजवळ जाण्याआधी सगळं मांडून घ्या. सलाईन, गॉज, पॅड, चिकटपट्टी, कात्री, किडनी ट्रे, हातमोज्यांचा एक जास्तीचा जोड, खाली घालायला मॅकिनटॉश म्हणजे रबरी चादर, आणि हाताशी तोंड उघडून ठेवलेली पिवळी पिशवी. मधेच कात्रीसाठी धावायला लागू नये.

शय्याव्रणाचं, म्हणजे आपण ज्याला बेडसोअर म्हणतो त्याचं ड्रेसिंग डोळ्यांसमोर आणा. पेशंट कुशीवर, पाठ तुमच्याकडे. वरचं पॅड सुटतं तोवर फारसं काही नसतं. त्याखालचा गॉज जखमेला चिकटलेला असतो, पिवळट, कडेला तपकिरी. तो ओढायचा नाही. सलाईन सोडून भिजू द्यायचा. कोपरा सुटू लागला की सावकाश, लांब श्वास सोडायला लागा आणि श्वास सोडता सोडताच गॉज उचला. वासाचा पहिला आणि सगळ्यात मोठा लोट या क्षणी येतो, आणि तुम्ही श्वास बाहेर टाकत असाल तर तो नाकाच्या छतापर्यंत कमी पोहोचतो. गॉज हातात धरून बघत राहू नका. सरळ पिवळ्या पिशवीत टाका आणि पिशवीचं तोंड पिळून बंद करा. खोलीत दरवळणाऱ्या वासाचा मोठा हिस्सा त्या काढलेल्या पट्टीचाच असतो. पुढचे आठ-दहा श्वास तोंडाने, हळू. हुंगल्यासारखे छोटे छोटे श्वास मात्र घेऊ नका. हुंगण्यानेच हवा त्या वरच्या पट्ट्यापर्यंत जाते. जखम धुऊन होईतो नाक सावरलेलं असतं.

वास येतो कुठून, हेही माहीत असावं. मेलेल्या मांसावर, जिथे हवा पोहोचत नाही अशा खोलगट जागी, ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. ते प्रथिनं फोडतात आणि प्युट्रेसीन, कॅडॅव्हरीन नावाची रसायनं तयार होतात. १८८५ च्या सुमाराला लुडविग ब्रीगर या जर्मन डॉक्टरने त्यांना ही नावं दिली; दोन्ही नावांतच कुजणं आणि प्रेत आहे. जोडीला गंधकाची संयुगं असतात. म्हणजे जखमेचा वास हा त्या जिवाणूंचा वास आहे, माणसाचा नव्हे. मेलेला भाग काढला, जखम नीट धुतली, तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या फुटलेल्या गाठीवर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मेट्रोनिडॅझोलचं जेल लावलं, वर कोळशाचा थर असलेलं ड्रेसिंग मिळालं तर ते घातलं, की वास कमी होतो. उदबत्तीने होत नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत उदबत्ती लावणं तर आगीला आमंत्रण आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८६० च्या सुमारास हेच सांगत होत्या. वास दडपणाऱ्या धुरांवर त्यांचा विश्वास नव्हता. दुर्गंधीची वस्तू खोलीतून हलवा, खिडकी उघडा, शौचाच्या भांड्याला झाकण हवंच, असा त्यांचा आग्रह होता. दूषित हवेनेच रोग होतात ही त्यांची समजूत पुढे चुकीची ठरली. भांड्यावरचं झाकण मात्र आजही तितकंच बरोबर आहे. बेडपॅन झाकून न्या, लगेच रिकामं करा, आधी गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने घाण चिकटते आणि वाफेबरोबर वासही वर येतो.

मुलं मेंथॉलबद्दल विचारतातच. मेंथॉल वास मारत नाही. नाकातल्या गारव्याच्या नसा ते चाळवतं आणि लक्ष तिकडे वळतं. मास्कच्या बाहेरच्या बाजूला निलगिरीचा एक थेंब किंवा टूथपेस्टचं बोट पुरतं. मलम नाकपुडीच्या आत भरू नका, तेलकट पदार्थ आत ओढला जाणं फुप्फुसाला बरं नाही. नुसता सर्जिकल मास्क मात्र वास थांबवत नाही, कारण वासाचे रेणू त्यातून आरामात जातात. आणि एक कळकळीची विनंती: तुमचं आवडतं अत्तर, मोगऱ्याचं किंवा आईच्या कपाटातलं, मास्कला लावून वॉर्डात नेऊ नका. वास आणि आठवण यांची गाठ फार घट्ट बसते. पुढे कधी लग्नघरात गजरा माळताना पायाचं गँगरीन आठवेल.

उलटीच्या भीतीने उपाशी येणं ही दुसरी चूक. रिकामं पोट जास्त मळमळतं आणि त्यात घेरी येते. मेसचे पोहे कितीही तेलकट असोत, थोडे खाऊन या. नाहीच तर चार बिस्किटं खा. उभं राहताना गुडघे ताठ आवळून धरू नका, पायांचे अंगठे हलवत राहा, म्हणजे पायातलं रक्त वर चढतं. डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला, तर "मॅडम, मी बसते" म्हणा आणि तिथेच खाली बसा. पळालात तर वाटेत पडाल.

सगळेच वास सोसायचे नसतात. फॉर्मालिन, अमोनिया, ब्लीच झोंबतात. ते काम वास ओळखणाऱ्या नसेचं नसून चेहऱ्याच्या वेदनेच्या नसेचं आहे आणि तो इशारा आहे. तिथे चार मिनिटं थांबायचं नाही, दार उघडायचं आणि बाहेर यायचं. सांडलेल्या लघवीवर हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, तसंच ओतू नका, त्यातून घातक वाफा निघतात. आधी टिपून घ्या, मग पुसा. हायपोक्लोराइट आणि संडास धुण्याचं अॅसिड हे दोन कधीच एकत्र करायचे नाहीत. क्लोरीन वायू निघतो. वॉर्डातल्या मावशींनाही हे सांगा; त्यांना बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं.

मन किती मध्ये येतं, याचा एक प्रयोग ऑक्सफर्डमध्ये झाला होता, २००५ साली. एकच वास लोकांना दिला. "चीज" अशी पाटी दाखवली तेव्हा तो त्यांना बरा वाटला, "अंगाचा घाम" अशी पाटी दाखवली तेव्हा नकोसा. आपल्याकडे त्यासाठी हिंगाचा डबा उघडावा. फोडणी माहीत नसलेल्या माणसाला तो सडका वाटेल. आपल्याला वरण आठवतं. पहिल्या वर्षाच्या मुलीला जखमेचा वास येतो तेव्हा पाटीवर फक्त "घाण" लिहिलेलं असतं. तिसऱ्या वर्षाला तिथे "जखम चिघळतेय, डॉक्टरांना कळवायला हवं" असं लिहिलेलं असतं.

या पाटीबाबतची माझी एक चूक सांगते. पहिल्याच महिन्यात एका आजोबांच्या पाठीचं ड्रेसिंग उघडलं आणि मी तोंडावर हात धरून बाहेर पळाले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, त्यांना माझा चेहरा दिसला नव्हता. पण चपलांचा आवाज त्यांनी ऐकला. मी परत आले तेव्हा भिंतीकडेच बघत म्हणाले, "बाळा, फार वास येतो ना?" मी म्हणाले, "छे हो आजोबा." ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी जेवणाचं ताट त्यांनी तसंच परत पाठवलं.

पेशंटला स्वतःचा वास येतो. नातेवाईक खुर्ची किती लांब ओढतात, हे तो रोज बघतो. म्हणून खोटं बोलू नका. आता मी मुलांना हे वाक्य पाठ करायला लावते: "हो आजोबा, जखमेचा येतोय. पट्टी बदलली की कमी होईल." वास जखमेचा, हे त्यात सांगून होतं, आणि आपण तो घालवायला आलोय हेही. बोलत राहिलं की आपलाही श्वास आपोआप तोंडाने चालतो. कपाळावरच्या आठ्या मास्कमागे लपत नाहीत, त्यासाठी आरशासमोर सराव करायला मी सांगते आणि मुलं तो करतात.

नाक पूर्ण बंद करून टाकावं असं मात्र मला कधीच वाटलं नाही. मधुमेहाच्या पेशंटच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास आला तर साखर आणि कीटोन लगेच तपासायला हवेत. डांबरासारखी काळी शौच आणि तो विशिष्ट उग्र वास म्हणजे पोटात वरच्या भागात रक्तस्राव. शौच अशी काळी व्हायला ५० ते १०० मिलिलिटर रक्तही पुरतं. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या निवृत्त नर्सला पतीच्या अंगाचा वास बदललेला जाणवला होता, पतीच्या पार्किन्सनचं निदान होण्याच्या कित्येक वर्षं आधी. पुढे एडिंबरात त्यांना बारा जणांचे टीशर्ट हुंगायला दिले. सहा पेशंटचे सहाही त्यांनी ओळखले. निरोगी म्हणून दिलेल्यांपैकी एकालाही त्यांनी पेशंट ठरवलं आणि काही महिन्यांनी त्याला खरोखरच पार्किन्सन असल्याचं कळलं.

गेल्या वर्षी दाराकडे सरकणारी एक मुलगी या वर्षी भाजलेल्यांच्या वॉर्डात आहे. परवा सकाळी राउंडच्या आधी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, सात नंबरच्या काकूंच्या मांडीचा वास कालच्यासारखा नाहीये. गोड येतोय, द्राक्षासारखा." मी जाऊन वाकले. गॉजच्या कडेला हिरवट छटा होती. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू असा गोड वास देतो. आम्ही सर्जनना फोन लावला, आणि ते येईपर्यंत तिने स्वॅबची नळी काढून तिच्यावर काकूंचं नाव आणि वेळ लिहून ठेवली होती.