गल्लीतील मोटार

मोटारीची नोंदणी केल्यावर ती हाती येण्यास वर्षानुवर्षे लागत, त्या काळी बेळगावातील आमच्या गल्लीत मोटार एकच होती : वडिलांची, कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट. थंडीच्या सकाळी चोक ओढूनही ती रुसली, की हँडल फिरवावे; तेवढ्याने न भागल्यास शेजारी धक्का मारीत. आंबोलीचा घाट चढताना रेडिएटर उकळू लागे. मग इंजिन निवेपर्यंत थांबावयाचे, ओले फडके धरून झाकण अलगद सैल करावयाचे आणि ओहोळाचे पाणी ओतावयाचे. अपरात्री कोणा शेजारणीस प्रसूतीसाठी न्यावयाचे झाल्यास आमचेच दार वाजे. आई कुरकुरे, वडील तोवर चपला शोधीत असत.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हळूहळू दारोदारी गाड्या झाल्या. आमची आताची गाडी बटण दाबताच सुरू होते. बॉनेट उघडले तरी आतले काही आम्हांस उमगत नाही, हेही खरे! गल्लीत तंटे होतात ते गाडी उभी करण्याच्या जागेवरून.

गेल्या पावसाळ्यात मिस्साहून परतताना, वडिलांनी एके रात्री इस्पितळात पोहोचविलेल्या त्याच शेजारीणबाई, आता वृद्ध, छत्री सावरीत रिक्षाची वाट पाहताना दिसल्या. काचा वर होत्या. आम्ही पुढे निघून आलो. चौकातून गाडी वळवून आणली, तोवर त्या गेल्या होत्या.