उथळ पाण्याचे वैभव

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणसांच्या बाबतीत ती खरी असेलही. परंतु थंडीच्या दिवसांत सकाळी एखाद्या पाणथळीच्या काठी उभे राहिले, म्हणजे उथळ पाण्याविषयीचे आपले मत बदलावे लागते.

नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर याचे उत्तम उदाहरण होय. गोदावरी व कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा झाला. पुढे त्यात गाळ साचत गेला, पाणी पसरट झाले, मधूनमधून बेटे वर आली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटाच. पक्ष्यांना मात्र तो फळला. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले. पाणथळींच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणातील रामसर गावी आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्याच्या यादीत २०२० साली महाराष्ट्रातून प्रथम हेच स्थळ गेले.

उथळ पाण्यात असे असते तरी काय? सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, म्हणून पाणवनस्पती वाढतात. त्यांच्या आश्रयाने किडे, गोगलगाई व लहान मासळी वाढते. ताट एकच, पण जेवणाऱ्यांची हत्यारे निरनिराळी. थापट्या बदकाची चोच गवंड्याच्या थापीसारखी रुंद, आणि तिच्या कडांना फणीसारखे दाते. त्यांतून पाणी गाळून तो बारीक जीव खातो. शेकाट्या लांब गुलाबी पायांवर चिखलात हिंडतो. तलवार बदक शेपूट वर करून डोके बुडवते. त्याची मान पोचेल तेथवरच त्याचे अन्न. कपाळी पांढरा टिळा असलेला काळा वारकरी बुडी मारून तळ गाठू शकतो. पण पाणी हातभर वाढले, तर इतर पुष्कळांच्या दृष्टीने तळातले अन्न असून नसल्यासारखेच.

याच अन्नासाठी उत्तरेकडील तळी गोठू लागताच पाखरे आपल्याकडे येतात. तिबेट व मंगोलियाकडचा पट्टकादंब तर हिमालय ओलांडतो. या हंसाने सुमारे ७,२९० मीटर उंची गाठल्याची नोंद आहे.

पाणपक्षी पाहण्यासाठी नाशिकच गाठले पाहिजे असे नाही. रंकाळा आणि कळंबा आपल्या उंबऱ्याशी आहेत. सकाळी लवकर जावे, सूर्य पाठीशी घ्यावा, मळकट रंगाचे कपडे घालावेत आणि बोलणे आवरावे. प्रथम नाव शोधू नये. चोच, पाय आणि पक्षी किती पाण्यात उभा आहे, एवढे पाहावे.

हे पाहणे नागरिकांच्याही उपयोगाचे आहे. तळ्याचा काठ दगडी भिंतीने सरळ उभा बांधला, की फिरायला सोय होते, पण उथळ किनारा नाहीसा होतो. सांडपाणी सोडले, की त्यावर जलपर्णी पोसते. ती पाण्यावर पसरली म्हणजे खाली प्रकाश पोचत नाही व पाण्यातील प्राणवायू घटतो. रंकाळ्याने हे दिवस पाहिले आहेत. तेव्हा तलाव सुधारण्याची योजना पुढे येईल, त्या वेळी दिवे आणि बाके किती, याबरोबरच आणखी एक प्रश्न आपण विचारावा : शेकाट्याला उभे राहता येईल, असा काठ किती राखला आहे?