राजा लिअर आणि आपलें घर

शोकपर्यवसायी नाटकाचा नायक राजकुलांतला किंवा तशाच थोर पदवीचा असावा, असा इंग्रजी रंगभूमीचा जुना प्रघात होता. परंतु शेक्सपिअरचे नायक शत्रूच्या तलवारीनें पडण्यापूर्वींच स्वतःच्या स्वभावानें पडतात. मॅक्बेथास महत्त्वाकांक्षा भोंवते, ऑथेल्लोस संशय आणि वृद्ध लिअरास स्तुतीची हांव.

मराठी रंगभूमीनें हे नायक लवकरच आपलेसे केले. आगरकरांनीं १८८३ मध्यें हॅम्लेटवरून ‘विकारविलसित’ लिहिलें; देवलांनीं १८९० मध्यें ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केला. गणपतराव जोशी यांच्या अभिनयानें या दोन्ही भूमिका गाजल्या.

कुटुंबवत्सल वाचकांस मात्र लिअरची कथाच अधिक जवळची वाटेल. हयातींतच राज्याची वांटणी करतांना त्यानें अट घातली, कीं प्रत्येक मुलीनें आपलें प्रेम भरदरबारांत बोलून दाखवावें. थोरल्या दोघी गोड बोलल्या. धाकटी कॉर्डीलिया कर्तव्यापलीकडे एक शब्दहि वाढवीना, म्हणून ती वांट्यास मुकली. आणि पुढें गोड बोलणाऱ्यांनींच बापास वादळांत बाहेर काढलें. नाटकाचा शेवट इतका दारुण, कीं १६८१ मध्यें नेहम टेट यानें तो बदलून सुखाचा केला, व इंग्लंडनें सुमारें दीडशें वर्षें तोच पाहिला!

वि. वा. शिरवाडकरांनीं १९७० मध्यें ‘नटसम्राट’ लिहून हें दुःख मध्यमवर्गीय घरांत आणलें. डॉ. श्रीराम लागू यांनीं प्रथम उभे केलेले अप्पासाहेब बेलवलकर हे राजे नव्हत. ते निवृत्त नट. आपली मिळकत मुलामुलीस देऊन ते पत्नी कावेरीसह त्यांच्याच दारीं आश्रित होतात.

आज आमच्या हडपसरांत मळ्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत. जमिनीस सोन्याचें मोल आलें, तसा वांटणीचा प्रश्नहि घरोघर आला. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास परत मिळविण्याची सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयींच्या कायद्यानें केली आहे. तरीहि राहतें घर हयातींत आपल्याच नांवें ठेवून बाकीची व्यवस्था मृत्युपत्रानें करणें हेंच शहाणपणाचें. आणि वांटणीच्या बैठकींत घरांतील कोणी अबोल बसला असेल, तर वडीलधाऱ्यांनीं त्यास निष्प्रेम समजूं नये. कॉर्डीलियाहि फारसें बोलली नव्हती.