जलनेती : भांड्याआधी पाणी पाहा

सोयाबीन निघायला लागलं, की मेहकर तालुक्यात हडंब्याचा आवाज आणि कुटाराची धूळ बरोबरच येतात. बांधावरचं गाजर गवत अजून फुललेलंच असतं. घराघरात दिवाळीची झाडझूड निघते. मग सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते, नाकातून पाणी वाहतं, डोळे चोळून लाल होतात आणि संध्याकाळपर्यंत कपाळ जड होतं. अशा वेळी घरात दोन सल्ले मिळतात. कुणी म्हणतं, "जलनेती कर, कायमचं जाईल." आणि आजी म्हणते, "नाकात पाणी घालू नको बाबा, मेंदूत जाईल."

दोन्ही सल्ले निम्मे खरे आहेत. जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, हा साधा, स्वस्त आणि उपयोगी उपाय आहे. पण चुकीचं पाणी वापरलं, तर क्वचित का होईना, तो जिवावर बेतू शकतो. म्हणून एकेक समजूत तपासून पाहू.

गैरसमज : "मला सायनस आहे."

वस्तुस्थिती : सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळ, गाल आणि डोळ्यांच्या मागेपुढे हाडांत हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. त्यांच्या अस्तराला सूज आली, की तो आजार. त्याचं नाव सायनसायटिस. घट्ट पिवळट शेंबूड, गालात किंवा कपाळात ठणका, वास न येणं, कधी ताप, ही त्याची लक्षणं. शिंकांची माळ, पाण्यासारखं वाहणारं नाक आणि डोळ्यांची खाज ही बहुतेक वेळा अॅलर्जीची सर्दी असते. हंगामात "सायनस वाढलं" म्हणणाऱ्या पुष्कळांना खरा त्रास या अॅलर्जीचा असतो.

नाक धुण्याचा फायदा दोन्हींत होतो. नाकाच्या अस्तरावर चिकट स्रावाचा थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म केसांची हालचाल चालू असते. धूळ आणि परागकण त्या थरात अडकतात आणि केस त्यांना घशाकडे ढकलत नेतात. अस्तर सुजलं किंवा स्राव घट्ट झाला, की हे काम मंदावतं. मिठाचं पाणी तो स्राव पातळ करतं आणि अडकलेले परागकण, धूळ वाहून नेतं. सायनसची तोंडं जेमतेम एक ते तीन मिलिमीटरची असतात. ऑपरेशन न झालेल्या सायनसच्या आत फारसं पाणी शिरत नाही, पण तोंडाशी साचलेली घाण निघाली की आतला निचरा सुधारतो.

गैरसमज : "नाकात घातलेलं पाणी मेंदूत जातं."

वस्तुस्थिती : नीट केलेल्या नेतीत पाणी एका नाकपुडीतून आत जातं, नाकाच्या पडद्याला मागून वळसा घालतं आणि दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येतं. मेंदू आणि नाक यांच्यामध्ये हाड आहे. ते वरच्या बाजूला चाळणीसारखं असून त्याच्या बारीक छिद्रांतून वासाच्या नसा खाली उतरतात. त्या वाटेने पाणी वर चढत नाही. एक जंतू मात्र चढू शकतो. आजीच्या भीतीतला खरा भाग हाच.

गैरसमज : "प्यायला चालतं ते पाणी नाकालाही चालतं."

वस्तुस्थिती : सगळ्यात घातक समजूत ही आहे. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा सापडतो. तो पाण्याबरोबर पोटात गेला तर काही करत नाही. नाकात वर गेला, तर वासाच्या नसेच्या आधाराने मेंदूपर्यंत पोहोचतो. असे रुग्ण फार थोडे असतात, पण लागण झालेल्या शंभरांपैकी सत्त्याण्णवांहून अधिक जण दगावतात.

२०११ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोन जण या आजाराने गेले. त्यांच्या घरच्या नळजोडणीत हा अमीबा सापडला. आपल्याकडे केरळात गेल्या काही वर्षांत याच जातीच्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. त्यांतले बरेच जण तळ्यात किंवा साचलेल्या पाण्यात आंघोळ केलेले होते.

म्हणून नळाचं, विहिरीचं, बोअरचं, हापशीचं पाणी थेट नाकात घालू नये. पैनगंगेचं पाणी कितीही निर्मळ दिसलं तरी घालू नये. जारचं पाणी आणि फिल्टरचं पाणी पिण्यासाठी असतं, ते निर्जंतुक नसतं. आरओच्या टाकीत साठलेल्या पाण्यावरही विसंबू नये. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर तर नाकाजवळही नेऊ नये; ते शरीरासाठी बनवलेलंच नसतं.

यावरचा उपाय प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ती किमान एक मिनिट टिकली पाहिजे. हा अमीबा मरायला तेवढं पुरतं. तीन ते पाच मिनिटं उकळलं तर मनात शंका राहत नाही. मग झाकण ठेवून निववायचं. नुसतं "गरम केलेलं" पाणी म्हणजे उकळलेलं पाणी नव्हे, एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

गैरसमज : "मीठ घातलं की जंतू मरतात."

वस्तुस्थिती : याचं उत्तर शेजारच्या लोणारात आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचं कारण मीठप्रिय सूक्ष्मजीव निघाले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि ते फोफावले. इतक्या खाऱ्या पाण्यात जीव नांदतात, तर नेतीच्या चिमूटभर मिठाने जंतू मरतील ही आशा व्यर्थ आहे. नाकाला सोसेल एवढं मीठ जंतूंनाही सोसतं. मीठ घालायचं ते नाक झोंबू नये म्हणून. जंतू मारायचं काम उकळीचं.

आणखी एक सांगायला हवं. लोणारचं पाणी किंवा तिथला खार नेतीला कधीही वापरू नये. त्या पाण्यात सोडा आहे, ते तीव्र अल्कधर्मी आहे आणि नाकाच्या नाजूक अस्तराला पोळवेल.

गैरसमज : "मीठ अंदाजाने टाकलं तरी चालतं, जास्त टाकलं तर जास्त गुण."

वस्तुस्थिती : शरीराशी जुळणारं प्रमाण ०.९ टक्के आहे, म्हणजे एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ. मीठ याहून फार कमी पडलं तर नाक झोंबतं आणि अस्तर फुगतं, जास्त झालं तर जळजळ होते. घरातले चमचे लहानमोठे असतात, म्हणून औषधाच्या बाटलीवरचं पाच मिलिलिटरचं टोपण माप म्हणून वापरा. ते बारीक मिठाने सपाट भरलं की साधारण सहा ग्रॅम होतं. म्हणजे अर्ध्या लिटरला पाऊण टोपण. ओळखीच्या सराफाकडे एकदा ९ ग्रॅम मीठ तोलून आपल्या मापाची खूण करून ठेवली, तर आणखी चांगलं.

मीठ बारीक आणि स्वच्छ हवं. आयोडीनने कुणाचं नाक झोंबतं, म्हणून बिनआयोडीनचं शुद्ध मीठ मिळालं तर घ्यावं. सैंधव घेतलं म्हणून गुण वाढत नाही, प्रमाण महत्त्वाचं. चिमूटभर खायचा सोडा घातला तर पाणी नाकाला सौम्य लागतं. धुण्याचा सोडा मात्र नको.

आपल्या जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे, बोअरचं पाणी मुळातच क्षारयुक्त असतं. उकळून त्यातले क्षार जात नाहीत, उलट पाणी आटून ते दाट होतात. तिथल्या नातेवाइकांनी गोडं पाणी उकळून वापरावं, किंवा औषध दुकानातली नॉर्मल सलाईनची बाटली आणावी. तिच्यातलं पाणी निर्जंतुक आणि नेमकं ०.९ टक्क्यांचं असतं. एकदा फोडलेली बाटली दिवसेंदिवस पुरवून वापरू नये.

गैरसमज : "नेती सुरू केली की औषध बंद."

वस्तुस्थिती : नेती परागकण धुऊन काढते, अॅलर्जीची प्रवृत्ती धुऊन काढत नाही. २०१८ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अॅलर्जीच्या सर्दीवरच्या १४ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ७४७ मुलं आणि मोठी माणसं होती. नाक न धुणाऱ्यांपेक्षा धुणाऱ्यांचा त्रास तीन महिन्यांपर्यंत कमी राहत असावा, असं त्यातून दिसलं. पुरावा फार भक्कम नसल्याचंही त्यांनी स्पष्ट लिहिलं. म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही.

डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो चालूच ठेवावा. आधी नाक धुवावं, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग स्प्रे मारावा. स्वच्छ अस्तरावर औषध चांगलं लागतं. दम्याचा पंप तर नेतीच्या भरवशावर कधीही सोडू नये. मळणीवर जाताना नाकातोंडाला मास्क किंवा ओला रुमाल बांधावा. धूळ आत गेल्यावर धुण्यापेक्षा ती आत न जाणं बरं.

गैरसमज : "एवढा खटाटोप कशाला? नाक मोकळं करायचे थेंब आहेतच."

वस्तुस्थिती : झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब काही मिनिटांत नाक उघडतात, म्हणून त्यांची सवय लागते. पण ते पाच-सात दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर थेंबांचा अंमल उतरताच नाक पहिल्यापेक्षा घट्ट बंद होतं आणि माणूस थेंबांच्या चक्रात अडकतो. मिठाच्या पाण्याची अशी सवय लागत नाही. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडायची रीतही थांबवायला हवी; ते तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

गैरसमज : "नेती सगळ्यांना चालते."

वस्तुस्थिती : कान दुखत किंवा वाहत असेल, नाकातून रक्त येत असेल, नाक दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद असेल, नुकतंच नाकाचं ऑपरेशन झालं असेल किंवा चेहऱ्याला मार लागला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेती करू नये. लहान मुलांना ती जबरदस्तीने देऊ नये.

रीत

उकळून निवलेलं कोमट पाणी, मोजलेलं मीठ, तोटीचं स्वच्छ भांडं. मोरीवर किंवा बेसिनवर पुढे वाकून मान एका बाजूला कलती करा. तोंडाने श्वास घेत राहा. वरच्या नाकपुडीत तोटी टेकवा आणि पाणी आपोआप दुसरीकडून वाहू द्या. निम्मं पाणी या बाजूने, निम्मं त्या बाजूने. नंतर पुढे वाकून एकेक नाकपुडी हलकेच शिंकरा. दोन्ही दाबून जोर केला तर पाणी कानाकडे जातं. झोपायला जाताना लगेच करू नका. हंगामात दिवसातून एकदा बहुतेकांना पुरते. भांडं प्रत्येकाचं वेगळं असावं. ते वापरल्यावर उकळलेल्या पाण्याने धुऊन कोरडं करावं. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

त्रास दहा दिवसांपुढे गेला, किंवा बरं वाटून पुन्हा वाढला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, जोराचा ताप, मान आखडून असह्य डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी जा. मधुमेह असलेल्या माणसाच्या नाकातून काळपट स्राव आला, तर एक तासही थांबू नका. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने काय केलं ते आपण पाहिलं आहे. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आत मणी किंवा हरभरा अडकलेला असू शकतो. तिथे नेती नको, डॉक्टर हवेत.

नेती आपल्याकडे जुनी आहे. पंधराव्या शतकातल्या 'हठप्रदीपिके'च्या षट्कर्मांत तिचं नाव आहे. तिथली नेती दोऱ्याची, सूत्रनेती. सायनसच्या ऑपरेशननंतर आज डॉक्टरच रुग्णांना मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतात. या जुन्या क्रियेला नव्या काळाने जोडलेली अट एकच आहे. येत्या हंगामात घरात कुणी नेतीचं भांडं हातात घेतलं, तर आजीने "नाकात पाणी घालू नको" म्हणायची गरज नाही. तिने एवढंच विचारावं, "पाणी उकळलं होतंस का?" उत्तर "हो" असेल, तरच पाणी नाकाला लावू द्यावं.