बागचे छापील वस्त्र

कापडाच्या व्यापारात आपण पोत, पन्हा आणि भाव पाहतो. परंतु काही वस्त्रांत माणसाची ओळखच गुंतलेली असते. दूर आर्मेनियातील हातविणीच्या काही जुन्या गालिच्यांवर विणणाऱ्याचे नाव व साल विणलेले आढळते. धार जिल्ह्यातील बाग येथील वस्त्रावर छापणाऱ्याचे नाव नसते. तेथे ओळख असे ती नेसणारीची. भिल्ल व भिलाला स्त्रियांचे घागरे आणि लुगडी येथे छापली जात, आणि नेसणारी कोणत्या समाजाची हे जाणकारास नक्षीवरून कळे.

बाग म्हटले की सुशिक्षितांस तेथील बौद्ध लेणी व भित्तिचित्रे आठवतात. बाघिनी नदीकाठच्या या उद्योगाची आठवण क्वचितच होते. तो खत्री घराण्यांचा. सिंधमधून मारवाड, तेथून मनावर व अखेर बाग, असा पूर्वजांचा प्रवास ती सांगतात.

कोरे कापड धुऊन एरंडेल, शेळीच्या लेंड्या व कच्चे मीठ यांच्या मिश्रणात मुरवितात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवितात. तांबड्यासाठी तुरटी, काळ्यासाठी गुळात आंबविलेले गंजके लोखंड. दोहोंत चिंचोक्याची खळ. (एरंडेल, हिरडा, तुरटी, गूळ, हा सारा आपल्याच पेढ्यांवरील माल!) लाकडी ठशाने छापलेली तुरटी आपला तांबडा रंग लगेच दाखवीत नाही. कापड वाहत्या पाण्यात धुऊन, तांब्याच्या भांड्यात आलिझरीन व धायटीच्या फुलांसह उकळले म्हणजे तो प्रकट होतो.

१९६० नंतरच्या काळात स्वस्त कृत्रिम धाग्याचे कापड आठवड्याच्या बाजारात आले, आणि जिच्यासाठी हे ठसे कोरले गेले तीच गिऱ्हाईक दुरावली. अनेकांनी धंदा सोडला. इस्माईल सुलेमानजी खत्री यांनी तो न सोडता जुनी नक्षी साड्या व पलंगपोसांवर उतरविली. कला वाचली; परंतु भिल्ल स्त्रीच्या अंगावरून ती शहरातील दिवाणखान्यात गेली, ही गोष्ट केवळ आनंदाची म्हणवत नाही.

२००८ मध्ये बाग छपाईस भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही यंत्रावर छापलेली नक्कल त्याच नावाने विकली जाते. हातठशाच्या कापडावर ठशांचे सांधे कोठेतरी किंचित सरकलेले दिसतात. यंत्राच्या मालावर 'बाग नमुना' आणि हाताच्या मालावर 'बाग ठसा' असे पावतीवर स्पष्ट लिहिण्यास विक्रेत्याला शाईपलीकडे काही खर्च येत नाही.