गेलेले सापडतात

मूळ गाव शोधत फिजी, सुरिनाम, त्रिनिदादहून येणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची वाट लखनौवरून जाते. ऊसमळ्यांवर पाच वर्षांच्या कराराने गेलेले गिरमिटिये मोठ्या संख्येने अवध आणि त्याच्या पूर्वेकडच्या पट्ट्यातले होते. बस्ती, गोंडा, फैजाबाद, सुलतानपूर, बहराइच हे त्यांचे जिल्हे. चारबाग स्टेशनवरून यांपैकी कुठेही काही तासांत पोचता येते. अडचण पुढेच आहे, आणि ती कागदांची आहे.

गेलेल्याचा कागद मात्र भक्कम. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ जहाज पहिले गिरमिटिये घेऊन फिजीला पोचले. १९१६ पर्यंत तिथे साठ हजारांवर माणसे गेली आणि प्रत्येकाचा एमिग्रेशन पास तयार झाला. नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची, अंगावरची खूण, जवळचा नातेवाईक असे सगळे त्यावर असे. मजुरांची मोजदाद आणि ओळख एवढाच सरकारचा हेतू. तरीही त्या काळच्या निरक्षर शेतकऱ्याबद्दल इतके एका जागी क्वचितच कुणी लिहून ठेवले असेल.

या पासांचे मोल ओळखले ब्रिज लाल या इतिहासकाराने. ते फिजीतल्याच शेतकरी कुटुंबातले. त्यांचे आजोबा बहराइचहून गेलेले. उत्तर भारतातून गेलेल्यांचे पंचेचाळीस हजारांवर पास त्यांनी संगणकावर चढवून तपासले आणि १९८३ मध्ये ‘गिरमिटियाज’ हे पुस्तक काढले. त्यात बस्ती जिल्हा सर्वांत वर निघाला. फक्त खालच्या मानल्या गेलेल्या जातीच गेल्या, हा समजही टिकला नाही. ब्राह्मण, ठाकूर, कुर्मी, अहीर, चांभार, मुसलमान सगळेच त्यात होते.

लखनौचा आणखी एक धागा आहे. १८८२ मध्ये मेजर पिचर या लखनौच्या न्यायाधीशाला सरकारने भरतीची चौकशी करायला गावोगाव पाठवले. बिहारकडची हीच चौकशी जॉर्ज ग्रियर्सनकडे होती. भारतीय भाषांची पाहणी करणारे ग्रियर्सन ते हेच! वंशशोध करणाऱ्याने हे दोन अहवाल आधी वाचावेत. भरती कशी चाले, हे कळल्याशिवाय पासचा अर्थ लागत नाही. उदाहरणार्थ, पुष्कळांची नोंदणी स्वतःच्या जिल्ह्याबाहेर झाली होती. पोट भरायला आधीच घर सोडून शहरात आलेला माणूस तिथेच भरतीवाल्याच्या हाती लागे. म्हणून नोंदणीचे ठिकाण हेच मूळ गाव धरणारा भलत्याच जिल्ह्यात भटकतो.

शिवाय गावाचे नाव कारकुनाने कानावर पडले तसे इंग्रजीत लिहिलेले. एकाच नावाची दहा गावे. जिल्हेही तेच राहिलेले नाहीत. जुन्या बस्तीतून १९८८ मध्ये सिद्धार्थनगर आणि १९९७ मध्ये संत कबीरनगर निघाले, गोंड्यातून बलरामपूर, फैजाबादमधून आंबेडकरनगर. खुद्द फैजाबाद २०१८ पासून अयोध्या झाले. त्यामुळे गावापेक्षा ठाण्याचे नाव अधिक उपयोगी पडते. आधी जुन्या नकाशावर ठाणे, मग त्याच्या हद्दीतली गावे, हा क्रम सोडू नये.

गाव सापडले तरी घर सापडेलच असे नाही. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर घेणाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज सरकारी दप्तरात राहिला, कारण जमीन त्याच्या नावावर होणार होती. अवधमध्ये बहुतेक जमीन तालुकदारांची, म्हणजे बड्या जमीनदारांची. जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताच्या दप्तरात कुर्सीनामे, म्हणजे वंशावळी, आहेत, पण त्या जमिनीत हिस्सा असणाऱ्यांचे. मर्जीवर कसणाऱ्या कुळाची वंशावळ कोण लिहिणार? उत्तर प्रदेशात जमीनदारी गेली ती १९५२ मध्ये. म्हणजे समुद्रापार गेलेला भाऊ उंचीसकट सापडतो आणि घरी राहिलेला भाऊ कागदावर कुठेच नसतो.

बायकांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हव्यात असा नियम होता. लाल यांच्या मोजणीत फिजीला गेलेल्या सुमारे दोन-तृतीयांश बायका नवऱ्याशिवाय गेलेल्या निघाल्या. त्यांच्या पासवर त्यांचे स्वतःचे नाव आणि गाव आहे. माहेरच्या कुर्सीनाम्यात त्यांचा पत्ता नाही.

करार संपल्यावर यातले बरेच जण तिथेच शेतकरी झाले. सुरिनाममध्ये १८९५ पासून परतीचे तिकीट सोडणाऱ्याला जमीन आणि शंभर गिल्डर मिळत. फिजीत साखर कंपनी दहा-दहा एकरांचे तुकडे खंडाने देई.

हे सगळे उत्तरेचेच, असे समजू नका. मॉरिशसला मुंबई बंदरातूनही जहाजे गेली आणि त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोक होते. तिथली नोंदणीपुस्तके मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. १८६० च्या दशकापासून पुढे मजुरांची छायाचित्रेही. तिथे बापाचे पहिले नावच पुढे आडनाव झाले, त्यामुळे आडनावावरून शोध लागत नाही. मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड देण्याची घोषणा केली, तेव्हा या नोंदी आता केवळ हौसेच्या राहिलेल्या नाहीत.

आपल्याकडे तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, जुने सातबारे आणि फेरफार आहेत. घराण्यातला कुणी ‘मिरीचला (म्हणजे मॉरिशसला) गेला, परत आला नाही’ असे आजी सांगत असेल, तर त्याचे नाव, बापाचे नाव, गाव आणि तालुका आजच लिहून ठेवा. पलीकडून कुणी शोधत आले, तर जुळवायला एवढे पुरते.