मेंदूला सूज आली, त्यात दोष कुणाचा?

घरातली तरुण मुलगी आठवडाभरात बदलली, असंबद्ध बोलू लागली, रात्र रात्र जागू लागली, की आपल्याकडे कारणं सांगणारे पुष्कळ असतात. माझ्या मावसबहिणीच्या वेळीही होते. ती 21 वर्षांची, बडोद्यात शिकत होती. कुणी म्हणालं परीक्षेचा ताण, कुणी म्हणालं प्रेमभंग. शेजारच्या काकूंनी दृष्टही काढली. मग फिट आली. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासल्यावर निदान झालं, ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली होती.

ती का उलटते, हे समजून घ्यायला मी पुष्कळ वाचलं.

2007 मध्ये डॉ. जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी या आजाराच्या एका प्रकाराचा उलगडा केला. त्यांच्या 12 रुग्ण स्त्रियांपैकी 11 जणींच्या अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ होती. या गाठीत चेतापेशीही असू शकतात. शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं आणि तीच मेंदूतल्या तशाच प्रथिनांवर हल्ला करतात. माझ्या बहिणीलाही अशीच गाठ निघाली. शस्त्रक्रिया, स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन यांनी ती सावरली, पण त्याला कित्येक महिने लागले.

दुसरं कारण विषाणूचं. हर्पिसमुळे झालेला मेंदूज्वर ओसरल्यावर काही आठवड्यांनी काहींची लक्षणं पुन्हा उफाळतात. तेव्हा विषाणू परतलेला नसून प्रतिकारशक्ती बिथरलेली असू शकते. कॅन्सरवरच्या काही इम्युनोथेरपी औषधांनीही क्वचित असं होतं. आणि अनेक रुग्णांत शोधूनही कारण सापडत नाही.

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं क्नूट हे लाडकं ध्रुवीय अस्वल 2011 मध्ये फिट येऊन पाण्यात बुडालं. त्यालाही हाच आजार होता, हे 2015 मध्ये कळलं. त्याला ना परीक्षा होती, ना प्रेमभंग!

म्हणून सांगते, दोष शोधण्यात दिवस घालवू नका. काही दिवसांत किंवा आठवड्यांत वागणं बदललं आणि जोडीला फिट, विसरभोळेपणा, बोलण्यात अडखळणं किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली दिसल्या, तर मनोविकारतज्ज्ञांबरोबर न्यूरॉलॉजिस्टलाही दाखवा. ‘ऑटोइम्यून असू शकेल का?’ एवढं तरी विचाराच. या आजारात उपचार जितके लवकर, तितकी बरं होण्याची आशा जास्त.